नवं स्टिअरिंग, जुनी बटणं

आमच्या ह्यांना सगळी गल्ली ‘सावकाश’ म्हणते. हे टोपणनाव पडलं तेव्हा मी चिडले होते. आता मीच फोन उचलून “सावकाश ऑटो इलेक्ट्रिक, बोला” म्हणते. हे गाड्यांचं वायरिंग करतात आणि त्याच शटरच्या आत, खिडकीपाशी मशीन टाकून मी सीटची कव्हरं शिवते. दुसरा कोणी वायर कापून, पीळ मारून, टेप गुंडाळून मोकळा होईल, तिथे हे आधी वहीत चित्र काढणार, वायरींचे रंग लिहिणार, चहा पिणार आणि पुन्हा चित्र बघणार. ह्यांच्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे खरं. तोवर गिऱ्हाईक बाकावर बसून म्हातारं होतं, हेही तितकंच खरं.

ही खोड लावली वस्तादांनी. सतराव्या वर्षी हे त्यांच्या हाताखाली गेले आणि अकरा वर्षांनी बाहेर पडले. वस्ताद अजून ह्यांना ‘बारक्या’ म्हणतात. बारक्याचं पोट आता शर्टाची बटणं तोडायला निघालं आहे, ते त्यांना दिसत नाही. वस्तादांची सगळी शिकवण एवढीच की कोणावर विश्वास ठेवायचा नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली, ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. मीटर म्हणतो बारा व्होल्ट, दुसरा मीटर लावून बघायचा. दुसऱ्यानं मारलेली टेप दिसली की आधी ती सोडवायची, आत काय आहे ते स्वतः बघायचं आणि मगच पुन्हा मारायची. ह्यांनी हे इतकं मनावर घेतलं आहे की घरी मी गॅस बंद केलाय म्हटलं तरी उठून बघून येतात. ह्यावरून आमची किती भांडणं झाली त्याची मोजदाद नाही.

त्या गुरुवारी सकाळी दहाला वस्ताद आपली जुनी गाडी घेऊन आले. उतरायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. मग मागच्या सीटवरून त्यांनी एक खोकं काढलं आणि ह्यांच्या बाकावर ठेवलं.

“बारक्या, हे बसवायचं. आणि क्रूझ राहिलं पाहिजे.”

खोक्यात नवंकोरं स्टिअरिंग होतं. आकारानं लहान, पण चांगलं जाडजूड. वस्तादांची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली होती, जुन्या बारीक स्टिअरिंगभोवती मूठच मिटत नव्हती. जाड असेल तर धरता यायचं. अडचण अशी की क्रूझ कंट्रोलची चार बटणं होती जुन्या स्टिअरिंगवर, आणि बाहेरून घेतलेल्या ह्या नव्यावर बटणाच्या नावानं नुसता ठणठणाट. आणि क्रूझ त्यांना हवंच होतं, कारण उजवा गुडघा. ब्रेक मारायला तो गुडघा चांगला तयार असायचा. पण ॲक्सिलरेटरवर एकाच जागी पाय धरून ठेवला की वीस मिनिटांत मांडी थरथरायला लागायची. क्रूझ लावलं की गाडी आपला वेग आपण धरते आणि पाय मोकळा होतो.

“तीन ठिकाणी फिरलो,” वस्ताद म्हणाले. “तिघंही म्हणाले, काका, एक काय ते निवडा. स्टिअरिंग तरी नाहीतर क्रूझ तरी. दोन्ही व्हायचं नाही.”

“होईल,” हे म्हणाले.

“होईल ते मलाही माहितीय. माझी बोटं चालत असती तर तुझ्या दारात आलो असतो का?”

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. काकूंची आठवण जात चालली होती आणि वर्षभरापासून त्या मुलीच्या गावी एका शुश्रूषागृहात होत्या. तीनशे किलोमीटर. दर शनिवारी वस्ताद एकटे गाडी चालवत जायचे आणि रविवारी परतायचे. मुलाला ते पटत नव्हतं, आणि शनिवारी त्याला स्वतःला सुट्टी नसायची. त्यानं बापाला बजावलं होतं: गुरुवारी तीन वाजता मी येतो, शेजारी बसतो, हायवेवरून फिरून येऊ. मला ठीक वाटलं तर जात जा. नाही वाटलं तर किल्ली माझ्याकडे, ती कायमची.

म्हणजे आमच्या हातात पाच तास होते आणि काम सावकाशकडे होतं.

गाडी जुनी होती, स्टिअरिंगमध्ये एअरबॅग नव्हती. असती तर ह्यांनी वस्तादांनाही हात जोडून परत पाठवलं असतं. ह्यांनी बॅटरीची वायर काढली, चाकं सरळ केली, मधला नट सोडवला आणि जुनं स्टिअरिंग ओढून काढलं. त्याच्या मागे प्लास्टिकची एक चपटी गोल डबी असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. आत पट्टीसारखी वायर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. स्टिअरिंग कितीही फिरवा, ती पट्टी उलगडते, गुंडाळते, पण बटणांच्या आणि हॉर्नच्या वायरी तुटत नाहीत. ह्या डबीचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच वेढे. चाकं सरळ असताना ती बरोबर मध्ये, अडीच वेढ्यांवर असली पाहिजे. स्टिअरिंग काढलं की डबी मोकळी होते आणि नुसत्या बोटानं फिरते. म्हणून हे आधी तिच्यावर टेप मारतात, की ती जागची हलायला नको. त्या दिवशीही मारली.

मग काम सुरू झालं. जुन्या स्टिअरिंगची बटणं काढून ती ॲल्युमिनियमच्या दोन लहान पट्ट्यांवर बसवायची, पट्ट्या नव्या स्टिअरिंगच्या मागे, जिथे अंगठा पोचेल तिथे, आणि वायरी त्याच डबीतून आत. ह्यांनी वही काढली. वस्तादांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून त्यांचा वाकडा अंगठा कुठवर पोचतो ते पेन्सिलनं आखून घेतलं. मी नव्या स्टिअरिंगवर चामड्याची आणखी एक पट्टी शिवत होते, म्हणजे अजून जाड व्हावं. साडेबारा झाले. एक वाजला. हे मागे ड्रिल मशीनवर पट्टीला भोकं पाडत होते, वस्ताद सीटवरच बसून होते.

मी दोरा तोडायला मान वर केली आणि पाहिलं. वस्ताद डबीवरची टेप नखानं सोडवत होते.

आता त्यांना काय सांगायचं? टेप सोडवून बघायची, हे ज्यांनी शिकवलं तेच बघत होते. त्यांनी डबी हळूहळू एका बाजूला फिरवली, टोकाला लागेपर्यंत. मग उलटी. ओठ हलत होते, मोजत होते. एकदा थांबले, समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले, मग पुन्हा थोडी फिरवली आणि टेप चिकटवून टाकली. मी पुन्हा सुई हातात घेतली. ह्यांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण वस्तादांची चुगली करायची म्हणजे... आणि ते चुकतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मी तोंडाला कुलूप लावलं. ह्या प्रकारात माझाही वाटा आहे, तो मी लपवत नाही.

मुलगा तीनला येणार होता, तो अडीचलाच आला. दारात उभं राहून घड्याळ बघायला लागला. तसा तो वाईट माणूस नाही. पण कुणी असा उंबऱ्यावर उभा राहिला की काम करणाऱ्याचे हात चुकतात, एवढं त्याला कळायला हवं होतं. ह्यांनी शेवटचं सोल्डर मारलं, डबीवरची टेप ओढून काढून टाकली आणि स्टिअरिंग बसवून नट आवळला. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना घाई करताना पाहिलं. बॅटरी जोडली, हॉर्न वाजवला. वाजला. बटणांचं मीटरवर बघितलं. ठीक.

वस्तादांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मूठ मिटली. त्यांनी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलगा पुढे बसला, हे मागे. मीही बसले. नवे टाके हाताला टोचतात का बघायचंय, असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ती टेप माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

हायवेला लागल्यावर वस्तादांनी ऐंशीचा वेग घेतला, अंगठ्यानं बटण दाबलं आणि पाय उचलून बाजूला ठेवला. गाडीनं वेग धरला. चढ आला, धरला. उतार आला, धरला. मुलगा काट्याकडे बघत होता, मग बापाच्या पायाकडे, मग रस्त्याकडे. दहा मिनिटांनी त्याचे खांदे जरा सैल झाले. “छान चाललीय,” तो म्हणाला, तेही नाइलाजानं म्हटल्यासारखं. मला ह्यांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली.

पंचवीस किलोमीटरवर पुलाखालून परत फिरायचं होतं. वळण अगदी तंग. वस्तादांनी ब्रेक मारला, वेग उतरवला आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, शेवटपर्यंत. आतून ‘कट्’ असा आवाज आला. बारीकसाच. मुलाला ऐकूही गेला नाही. पण ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता, तो एकदम आवळला गेला, आणि आरशात मला वस्तादांचे डोळे दिसले.

परत हायवेला लागलो. ऐंशी. वस्तादांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. त्यांनी पाय ॲक्सिलरेटरवरच ठेवला. एवढ्यात पेट्रोल पंपातून एक ट्रक मागे मागे येत सरळ आमच्या रांगेत घुसला. वस्तादांनी हॉर्न दाबला. आवाज नाही. मी किंचाळले. ब्रेक करकचला, गाडी थांबली तेव्हा ट्रकच्या मागच्या पाटीवरची अक्षरं मला काचेतून वाचता येत होती.

“हॉर्न का नाही दिलात?” मुलगा ओरडला.

“वाजत नाहीये.”

“आणि क्रूझ?”

“तेही नाही.”

पुढचे काही किलोमीटर मी विसरू शकत नाही. वस्तादांची मांडी थरथरायला लागली, आधी थोडी, मग पँटचं कापड हलताना दिसावं इतकी. वेग साठवर आला, मग चाळीसवर. मागचे ट्रक हॉर्नवर हॉर्न देऊन बाजूनं निघून जात होते. वस्तादांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि ते दात घट्ट आवळून बसले होते. त्यांना फक्त आमच्या शटरपर्यंत पोचायचं होतं.

“बाबा, बाजूला घ्या,” मुलगा शेवटी म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. “पुरे झालं.”

वस्तादांनी गाडी कडेला घेतली. ह्यांनी चालवत आणली.

दुकानात आल्यावर मुलानं हात पुढे केला. “किल्ली.”

“थांबा जरा,” हे म्हणाले. “ह्यात वस्तादांचा काही दोष नाही. डबी मध्यावर नव्हती, पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटली. चूक माझी आहे. अशीच डबी माझ्याकडे जुन्या गाडीची निघालेली आहे. तासाभरात बसवतो. पुन्हा बघा, मग काय ते ठरवा.”

मुलानं ह्यांच्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. “एकदाच,” म्हणाला, आणि बाहेर जाऊन फोनवर बोलायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटापाशी ह्यांना गाठून मी कुजबुजले, “तुमची चूक? मी डोळ्यांनी पाहिलंय कुणी टेप काढली ते.”

“मलाही कळलंय,” हे म्हणाले. “मी टेप आडवी मारतो, काढली तेव्हा उभी होती. मीच बघितलं नाही.”

“म्हणून तुम्ही खोटं बोलणार?”

“खोटं काय त्यात? शेवटचा हात माझा होता. मी मोजायला हवं होतं.”

ह्या माणसाशी भांडायला गेलं की असं होतं, सगळं त्यांचंच बरोबर निघतं आणि राग तसाच राहतो. ह्यांनी दुसरी डबी काढली, टोकापर्यंत फिरवली, मोठ्यानं मोजत अडीच वेढे मागे आणली. मग मला म्हणाले, “आता तू मोज.” मी मोजले. अडीच. वस्ताद बाकावर बसून आमचे ओठ बघत होते.

पाच वाजता पुन्हा निघालो. वस्तादांनी पुलाखाली तीनदा पूर्ण वळण घेतलं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. हॉर्न वाजला. क्रूझ लागलं. येताना पंचवीस किलोमीटर पाय बाजूला ठेवून ते असे बसले होते की शेजारी बसलेला मुलगा हसला. दुकानापुढे गाडी उभी राहिल्यावर तो म्हणाला, “ठीक आहे, बाबा. शनिवारी जा. पोचल्यावर फोन तेवढा करा.”

झालं होतं. पाच तासांचं काम सात तासांत, पण झालं होतं. मी सुटकेचा श्वास सोडून चहा टाकायला वळले.

“जरा इकडे ये,” वस्ताद मुलाला म्हणाले. “ती टेप मी काढली होती.”

“कुठली टेप?”

“बारक्यानं डबी बरोबर ठेवली होती. मी काढून फिरवली आणि चुकीची ठेवली. अडीचच्या जागी दीडवर.”

“वस्ताद, असू द्या ना,” हे घाईनं म्हणाले. “कुणाचीही चूक होते.”

“गप बस. मला माहितीय कशी होते ते.” वस्ताद मुलाकडेच बघत होते. “मी मोजत होतो. एक, दीड... आणि मग मोजत नव्हतो. मध्ये काय झालं ते मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा हात डबीवर होता. वाटलं, मोजून झालं असेल. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं.”

मुलगा दोन पावलं बापाच्या जवळ आला.

“गुडघ्याला क्रूझ आहे,” वस्ताद म्हणाले. “बोटांना हे जाड स्टिअरिंग आहे. बारक्यानं दोन्ही केलं. पण ह्याला काय बसवणार?” त्यांनी वाकड्या बोटानं कपाळावर टिचकी मारली आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.

दुपारपासून जी हवी होती ती किल्ली हातात आली आणि मुलगा हुंदके द्यायला लागला. चाळिशीचा माणूस, दुकानाच्या मधोमध, ऑइलच्या डागावर उभा राहून. “मग आईकडे कसं जायचं, बाबा? मला शनिवारी...” एवढंच त्याला म्हणता आलं.

हे तोंड उघडणार, हे मला कळलं. काय बोलणार तेही कळलं. शनिवारी आमच्याकडे उभं राहायला जागा नसते, आठवडाभराची निम्मी कामं त्या दिवशी येतात. माझा जीव चडफडला. आणि ह्यांच्या आधी मीच बोलून गेले, “शनिवारी हे नेतील. दुकान बंद ठेवू.”

बोलले आणि जीभ चावली. पण शब्द मागे घेतला नाही.

त्या शनिवारी मीही गेले. दुकान बंद, घरी बसून भिंतींशी बोलायचं का? ह्यांनी क्रूझ लावलं, पाय बाजूला घेतला आणि वस्ताद शेजारच्या सीटवर तीनशे किलोमीटर हात मांडीवर ठेवून बसले. ह्यांनी विचारलं, आता चालवणारा मी आहे तर जुनं स्टिअरिंग परत लावू का? ते नाही म्हणाले.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या, केस नीट विंचरलेले. वस्तादांना बघून हसल्या. आमच्याकडे बघून त्यांनी “हे कोण?” विचारलं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग वस्तादांचा गुडघा चाचपून म्हणाल्या, “दुखतोय का? गाडी तुम्हीच चालवत आलात ना?”

मी खाली मान घातली. आता वस्ताद काय सांगणार?

“हो,” वस्ताद म्हणाले. “मीच.”

आमच्या ह्यांनी खिशातून किल्ली काढली आणि वस्तादांपुढच्या टेबलावर ठेवली. काकूंनी ती लगेच उचलली, वस्तादांच्या शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिसा थोपटला.

“अशी कुठेही ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “विसराल.”